शर्टाला पदर नसतो

बटण तुटलं ते उडून थेट काचेवर आपटलं. टक् असा आवाज आला. मी दोन्ही हात वर करून लॉबीची मोठी काच पुसत होते, एका हातात वायपर, दुसऱ्यात स्प्रेची बाटली. बटण छातीवरचं होतं. ते गेलं तसं खालचंही निसटलं आणि शर्ट बेंबीपर्यंत उघडा पडला. आतली बॉडी धुऊन धुऊन पिवळी झालेली, ती सगळी बाहेर.

सकाळचे साडेनऊ. मागे लिफ्टची रांग. मी पाठमोरी होते, पण समोर काच होती आणि ती मीच नुकती लख्ख केलेली. त्यांना मी दिसत होते आणि मला ते. हातातलं आधी काय खाली ठेवायचं, वायपर की बाटली, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

सुपरवायझर दारातच उभा होता. तिशीतला, कानात सतत काहीतरी अडकवलेला. तो म्हणाला, "अहो मावशी, झाका ते. क्लायंट उभे आहेत." मग वॉचमनकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक्सएल पण पुरत नाही म्हणजे वाट लागली यार."

काही जण हसले. किती, ते मी मोजलं नाही.

मी बाटली खाली ठेवली, शर्ट मुठीत धरला आणि बायकांच्या बाथरूममध्ये गेले. रडले का, तर हो, थोडी. माझ्या जोडीला काम करणारी मालवणची बाई मागून आली. आम्ही दोघी सहा वर्षं एकाच मजल्यावर आहोत. ती म्हणाली, "काय गो बाय, रडतंस कित्याक? पिन घे." तिने आपल्या शर्टाच्या आतून दोन पिना काढून दिल्या. तिचाही शर्ट पिनांवरच उभा होता. आमच्या सगळ्यांचेच होते.

हे अंधेरीतल्या एका ऑफिसच्या बिल्डिंगमधलं सांगते आहे. मी घाटकोपरच्या डोंगरावर राहते, सकाळी सातला कामाला लागते, दुपारी तीनला सुटते. आधीच्या कंत्राटदाराकडे आम्ही साडीवर काम करत होतो. कंत्राट बदललं, नवा मालक आला, त्याने शर्ट-पँट आणली. करडा शर्ट, काळी पँट. टेम्पोतून खोके आले. खोक्यावर इंग्रजीत 'मेन्स' लिहिलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षरं ओळखते.

पँट मला आवडली. हे मुद्दाम सांगते, कारण वस्तीतल्या बायका मला चिडवायच्या, "आजी साहेब झाली." लेक म्हणायची, "आई, या वयात बरं दिसतं का? साडी परत मागून घे ना." मी म्हटलं, साडी नेसून तू एकदा जिन्याचे अकरा मजले पुसून ये, मग बोलू. पँटमध्ये उकिडवं बसता येतं, ओला काठ पायाला चिकटत नाही. आणि खिसा. आयुष्यात पहिल्यांदा मला खिसा मिळाला होता. त्यात किल्ली राहायची, रुमाल राहायचा. तो मी परत देणार नव्हते.

भानगड शर्टाची होती. पुरुषाचा शर्ट खांद्यापासून सरळ खाली येतो. माझी छाती बेचाळीस. छातीला पुरेल असा शर्ट घेतला की त्याचा खांदा अठराचा. माझा खांदा साडेचौदा. म्हणजे खांद्याची शिवण अर्ध्या दंडावर, बाही बोटांच्या खाली, आणि ती बाही दिवसभर बादलीत. एवढं करून कमरेखाली तो आवळतोच, कारण पुरुषाला कंबर एक आणि कुल्ले दुसरे असा प्रकार नसतो. आवळला की छातीवर दोन बटणांच्या मधे फट पडते. म्हणून आम्ही सगळ्या वरून ओढणी घ्यायचो. सुपरवायझरने ओढणी बंद केली. फरशी घासायच्या मशीनमध्ये अडकते म्हणाला. ते त्याचं खरं होतं, एकदा अडकली होती. पण ओढणी काढली तर फट झाकायची कशाने, ते त्याने आमच्यावर सोडलं.

बटण तुटलं त्याच दिवशी सुटताना त्याने सगळ्यांना उभं केलं. "पंधरा दिवसांनी सोमवारी क्लायंटचा राउंड आहे. ओढणी, पिन, उघडं बटण, काही दिसलं तर घरी बसायचं. मावशी, तुम्हाला खास सांगतोय. अंग जरा आवरा."

साठीच्या पुढच्या बाईला एकदा घरी बसवलं की परत कुणी उभं करत नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी डोंगर चढून घरी आले तेव्हा डोक्यात तेवढंच होतं, अंग आवरा. माझं अंग बासष्ट वर्षांचं. त्याची दोन बाळंतपणं झालीत, एक ऑपरेशन झालंय. ते मी आता कुठे आवरू? शर्ट चार महिन्यांचा होता. आवरायचा तर शर्ट आवरायचा.

शिवण मला येते. माझ्याकडे पायमशीन आहे. वीस वर्षं मी आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, गुडघे दुखायला लागल्यावर सोडलं. म्हणजे काय करायचं ते मला कळत होतं, निदान तसं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून मी दोन साइज मोठा शर्ट मागितला. सुपरवायझर खूश झाला. "बघा, ऐकलं ना मावशीने."

तो शर्ट मी सगळा उसवला. माझा चांगला बसणारा एक ब्लाउज काढला, त्यावरून वर्तमानपत्राचा कागद कापला आणि शर्टाच्या कापडावर ठेवला. खांदा साडेचौदा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, ब्लाउजसारखा चोख. पुढे छातीपाशी कापड चिमटून टक्स घातले. कमरेत घेतला. खाली मोकळा सोडला. घरच्या आरशासमोर उभी राहिले तर असा झकास बसला होता की मीच बघत राहिले. लेक म्हणाली, "आई, हे तर टीव्हीतल्यासारखं दिसतंय." एकही फट नाही.

सकाळी काचेसमोर गेले, हात वर केले आणि सगळा शर्ट पँटीतून सुटून वर आला. पोट उघडं. पुढून मागून, दोन्हीकडून. जोडीची मालवणची बाई बादली सोडून धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "अगो, पोट दिसता तुजा. खाली कर हात."

"हात खाली करून काच कशी पुसू?"

"मग पोट पुसून घे," ती म्हणाली. दोघी हसलो. हसण्यासारखंच होतं.

चूक कुठे झाली ते मला जिन्यावर फडकं मारताना कळलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनेच करावी अशी चूक होती ती. मी वीस वर्षं असा कपडा शिवला होता जो छातीखाली संपतो. हात वर केला की ब्लाउजही वर सरकतो, रोज सरकतो, पण त्यावरून पदर असतो, म्हणून कुणाला दिसत नाही आणि शिवणारीला विचार करावा लागत नाही. बाईच्या कपड्यातली निम्मी चूक पदर झाकतो. शर्टाला पदर नसतो. शर्ट शिवायचा तर तो मुळातच बरोबर शिवावा लागतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जेंट्स टेलर बसतो, उत्तरेकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्याकडे गेले. त्याने शर्ट उलटा करून बघितला. "चाची, ये तो ब्लाउज है. बटन लगा दिया तो शर्ट हो गया क्या? शर्ट में लूजिंग रखना पड़ता है."

लूजिंग म्हणजे अंगापेक्षा जास्तीचं कापड. आम्हीही ठेवतो, पण ब्लाउजात दोन बोटं. तो म्हणाला, शर्टात छातीला चार-पाच इंच हवं.

मी म्हटलं, "तेवढं ठेवलं की खांदा परत खाली येतो. मग?"

"इसी लिए तो मैं लेडीज का काम नहीं लेता. शर्ट लेडीज को बैठता ही नहीं है."

"बसत नाही तर उभा करते," मी म्हटलं आणि शर्ट त्याच्या हातातून घेतला. मागून तो काहीतरी बोलला. मी ऐकायला थांबले नाही.

त्याचं एक पटलं होतं, लूजिंगचं. पण ते कुठे ठेवायचं हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याची गिऱ्हाइकं माप देताना हात खाली सोडून सरळ उभी राहतात आणि नंतर शर्ट घालून खुर्चीवर बसतात. आमचं काम तसं नाही. मी टेप कामावर नेला. मालवणची बाई काच पुसत असताना तिच्या बगलेपासून कमरेपर्यंत टेप लावला, मग हात खाली करायला लावून परत लावला. अडीच इंचांचा फरक. उकिडवी बसवून पाठ मोजली, मानेपासून कमरेपर्यंत. तिथेही जवळजवळ तेवढाच. ती म्हणाली, "माका उभ्यान मोज, बसून मोज, आता झोपून मोजतंस काय?" मी म्हटलं, झोपायचा पगार मिळायला लागला की झोपून मोजू.

म्हणजे रुंदी वाढवून उपयोग नव्हता. कापड बगलेत हवं होतं. आणि हे मला शोधावं लागलं नाही, ते मी लहानपणीच बघितलं होतं. माझा बाप जालन्याच्या बाजारात पोती वाहायचा. त्याच्या पैरणीला दोन्ही बगलांत एकेक चौकोनी तुकडा असायचा, तिरपा लावलेला, पतंगासारखा. आई हाताने शिवायची. हात खाली असला की तुकडा घडी होऊन आत बसायचा, पोतं उचलायला हात वर गेला की उघडायचा. पैरण जागची हलायची नाही. तुकड्याला काही नाव असेलही, आम्ही बगलेचा तुकडा म्हणायचो. पुढे रेडिमेड आलं आणि तो गेला. रेडिमेड शिवणाऱ्याला पोतं उचलायचं नसतं.

कापड कुठून आणायचं हाही प्रश्न नव्हता. पुरुषाची बाही माझ्या हाताला वीतभर जास्त होती. ती वीत कापली की दोन तुकडे निघत होते.

वर्तमानपत्राचा कागद दोनदा फाटला. आमच्या वस्तीत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता. वाढदिवस होऊन महिना झाला होता, खालून सुटून वाऱ्यावर फडफडत होता. मी तो उतरवून घेतला. वस्तीच्या बुद्धविहारातल्या हॉलची फरशी मोठी आहे, दुपारी तिथे कुणी नसतं. तिथे फ्लेक्स पसरला आणि गुडघ्यांवर बसून खडूने खाका काढला. पाठीचा भाग, पुढचे दोन भाग, बाही, बगलेचा तुकडा. फ्लेक्सवरच्या साहेबांच्या कपाळावरून मुंढा गेला. मिशी बाहीत आली. फ्लेक्स फाटत नाही, भिजत नाही, कितीही वेळा वापरा. साहेबांचा एवढा उपयोग आमच्या वस्तीला आधी कधी झाला नव्हता.

मग बटण तुटलेला माझा जुना शर्ट उसवून त्यावर तो खाका ठेवला. खांदा माझा ठेवला. टक्स बगलेतून छातीकडे आणला, म्हणजे छातीला जागा मिळाली आणि खांदा ओढला गेला नाही. पाठ खाली दोन इंच लांब ठेवली, वाकलं तरी पँटीतून निघू नये म्हणून. कुल्ल्यांपाशी दोन्ही बाजूंना चार बोटं उघडं ठेवलं, कुडत्यासारखं. राहिली बटणं. शर्टाची बटणं गळ्यापासून खाली मोजत लावतात, ठरावीक अंतरावर. मग छातीचा सगळ्यात भरलेला भाग दोन बटणांच्या मधे आला तर तुमचं नशीब. मी उलटं केलं. पहिलं बटण बरोबर छातीवर खूण करून लावलं, तिथून वर दोन, खाली चार. फट पडायला जागाच राहिली नाही. हे एवढं सोपं होतं. एवढी वर्षं शर्ट बनतायत, कुणालाच कसं सुचलं नाही, असं मनात आलं. सुचायला तो घालून काच पुसावी लागते.

पंधरा दिवसांत माझा आणि मालवणच्या बाईचा धरून चार शर्ट झाले.

सोमवारी राउंड झाला. ज्या ऑफिसची बिल्डिंग त्यांची मॅडम आली, फरशी बघितली, कुंड्या बघितल्या, आमच्याकडे बघितलंही नाही. ती लिफ्टमध्ये गेली आणि सुपरवायझर माझ्यासमोर येऊन थांबला. त्याला काहीतरी वेगळं दिसत होतं, काय ते कळत नव्हतं. मग बगलेतला जोड दिसला.

"हे काय केलंय? युनिफॉर्म कापलात तुम्ही?"

"बसत नव्हता. बसवला."

"कंपनीचा माल आहे मावशी. असं अल्टर करायचं नसतं."

"तुम्ही म्हणालात ओढणी नको, पिन नको, उघडं बटण नको. बघा, काही आहे का."

"तो पॉइंट नाहीये."

"मग काय आहे?"

"परमिशन कोणाची घेतली?"

आतापर्यंत मी त्याला साहेब म्हणत होते. त्या दिवशी म्हटलं नाही. "अरे, लॉबीत माझं बटण तुटलं तेव्हा हसायला तू कोणाची परमिशन घेतली होतीस?"

तो लाल झाला. म्हणाला, "घरी बसा. मी कळवतो." बाकीच्या तिघींना म्हणाला, उद्या जुने शर्ट घालून या. मालवणची बाई म्हणाली, "जुनो शर्ट खंय रवलो? ह्योच तो."

मी घरी बसले. पहिल्या दिवशी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. लेक म्हणाली, माफी माग. मी म्हटलं, कशाची? तीन दिवस बसले आणि तीन दिवस मशीन चालवलं. सुटल्यावर एकेक जण वाकडी वाट करून डोंगर चढून यायची, माप द्यायची, शर्ट ठेवून जायची. माप देताना मी सगळ्यांना हात वर करायला लावायचे. एकीने विचारलं, "घालू ना गं पण? मलाही घरी बसवलं तर?" मी म्हटलं, "एकीला बसवलं तर बसवलं. सगळ्यांना बसवलं तर फरशी कोण पुसणार, तो?" तिने शर्ट नेला. दोघींनी नाही नेला, शिवून ठेवलेले तसेच खुर्चीवर राहिले. त्यांना मी दोष देत नाही. एकीचा नवरा आजारी होता, दुसरी नवीन लागलेली.

चौथ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमध्ये आठ जणी मी शिवलेल्या शर्टात होत्या. त्या एकत्र ठरवून उभ्या राहिल्या वगैरे काही नाही. आपापल्या मजल्यावर आपापलं काम करत होत्या. सुपरवायझर सगळे मजले फिरला आणि खाली येऊन बसला. दुपारी मालवणच्या बाईचा फोन आला. "उद्या येवक सांगितल्यान. स्वतः बोलाक नाय, माका सांगूक लावल्यान."

मी गेले. हजेरी लावली, वायपर घेतला आणि तीच काच पुसली. शर्ट जागचा हलला नाही.

त्यानंतर दोन वेळा नवीन माल आला. दोन्ही वेळा खोक्यावर तेच, 'मेन्स'. कुणी माप बदललं नाही, कुणी आम्हाला काही विचारलं नाही. शर्ट आले की मी फ्लेक्स खिळ्यावरून काढते. त्या राहिलेल्या दोघीही आता घालतात. सुपरवायझर अजून आहे. अजून मला मावशी म्हणतो. अंगाबद्दल बोलत नाही.

ते बटण तुटलं त्या सकाळी बिल्डिंगमध्ये आम्ही अकरा बायका कामावर होतो. अकराजणींचे शर्ट सारखेच होते. तुटलं ते माझं.